वाद्याचे दात

मास्तरांच्या घरात फळ कधी कोणी अख्खे चावून खाल्ले नाही. सफरचंदाच्या पातळ फोडी होत, पावाचे हाताने लहान तुकडे होत, बदाम कुटले जात, गाजर किसले जाई. मक्याचे कणीस तर त्या उंबरठ्याच्या आत कधी आलेच नाही. शिवणाचा दोराही दाताने तोडायचा नाही, म्हणून तीन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात प्रत्येक खोलीच्या खुंटीला एक कात्री टांगलेली असे. हा आचार मास्तरांच्या वडिलांनी घालून दिला होता. नाटकगृहाच्या वाद्यवृंदात तेही क्लॅरिनेट वाजवीत, आणि लोक त्यांना थोरले मास्तर म्हणत. ‘पुढचे दात आपले नाहीत, वाद्याचे आहेत,’ असे ते मुलाला सांगत. सांगताना त्यांच्या स्वरात परक्याची ठेव सांभाळणाऱ्याचे गांभीर्य असे.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे उचित होईल. क्लॅरिनेटचे टोक चोचीसारखे निमुळते असते. त्याच्या खालच्या अंगाला बोरूची एक पातळ पट्टी बांधलेली असते. श्वासाने ती कंप पावली, की नाद उमटतो. वादक खालचा ओठ दातांवर मुडपून त्या पट्टीखाली धरतो आणि वरचे पुढचे दोन दात चोचीच्या पाठीवर टेकवतो. सगळ्या स्वरांचा भार अखेर त्या दोन दातांवर येऊन स्थिरावतो. थोरल्या मास्तरांनी एकच चोच चौतीस वर्षे वापरली, आणि तिच्या काळ्या पाठीवर त्यांच्या दातांचे दोन खळगे पडले. ती चोच मुलाच्या हाती आली, तेव्हा मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याने ती ओठांत धरली, आणि त्याचे दात त्या खळग्यांत आपल्या घरी आल्यासारखे बसले. तो क्षण मास्तरांनी पुढे अनेकदा वर्णन करून सांगितला. “वडिलांच्या पावलावर पाऊल ठेवणारे पुष्कळ असतात,” ते म्हणत. “मी दातावर दात ठेवला.”

मास्तरीणबाई या घरात आल्या, त्या अशा घरातून, जिथे अक्रोडसुद्धा दाताने फोडत. तिसऱ्याच दिवशी उशीचा अभ्रा शिवताना त्यांनी दोरा दाताने तोडला, आणि सासरे पलीकडच्या खोलीतून धावत आले.

“सूनबाई, दात!”

“काय झालं दातांना?”

“दोरा तोडलास ना आत्ता?”

“तोडला. पण मला कुठे दात वाजवायचेत?”

थोरल्या मास्तरांनी दोऱ्याचे रीळ उचलून खुंटीवरच्या कात्रीशेजारी ठेवले. मग म्हणाले, “तुला नाही, पण उद्या तुझ्या लेकराला वाजवायचे असतील. ते तुझं बघूनच शिकणार.”

लेकरू झाले ते कन्या. तिने वाद्याला हात लावला नाही. मोठी होऊन ती औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. परंतु आचार तिच्याही अंगी इतका मुरला होता, की खोक्यावरची चिकटपट्टी दाताने ओढून काढणाऱ्या सहकाऱ्यांकडे ती अजूनही डोळे विस्फारून पाहते, आणि ते तिला ‘राजकन्या’ म्हणून चिडवतात.

त्या घराचे जेवण दुपारी चार वाजता होई. प्रयोग सात वाजता, आणि त्यापूर्वी तीन तास पोट रिकामे हवे, हा दुसरा नियम. “भरल्या पोटावर श्वास बसून राहतो, उभा राहत नाही,” असे मास्तर म्हणत. अन्नाविषयी ते मोजके पण विचारपूर्वक बोलत. पदार्थात मीठ कसे असावे, तर घास गिळल्यानंतर कळावे. जसा उत्तम वादकाचा श्वास स्वर संपल्यावर जाणवतो, स्वर चालू असताना नाही. हा सिद्धांत ऐकून ऐकून मास्तरीणबाईंना पाठ झाला होता.

“मग आज कळलं का मीठ?” त्या विचारीत.

“आज ते नाहीच आहे.”

“बघा! पूर्ण वाटी संपेपर्यंत बोलला नाहीत. इतका उत्तम स्वयंपाक तुम्ही जन्मात जेवला नसाल.”

मास्तर हसत, पण ओठ मिटून. दात दाखवून हसताना त्यांना फारसे कोणी पाहिले नव्हते. पुढे जेव्हा सगळे उघड झाले, तेव्हा लोकांना या मिटल्या हास्याचे कारण समजल्यासारखे वाटले. पण ते खरे नव्हे. ते लहानपणापासून तसेच हसत.

नाटकगृहात दर काही वर्षांनी एक जुनी संगीतिका पुन्हा उभी राही. तिचा आरंभ असा, की सभागृहातले दिवे मालवतात, पडदा अजून मिटलेला असतो, आणि रंगमंचापुढच्या खोलगट जागेतून एकटी क्लॅरिनेट सुरू होते. सोबतीला तंतुवाद्य नाही, ताल नाही. सुमारे दोन मिनिटांचे हे एकल वादन थोरल्या मास्तरांनी आयुष्यभर केले आणि नंतर मास्तरांनी. वडिलांच्या हस्ताक्षरात श्वासाच्या खुणा केलेला तो जीर्ण कागद मास्तरांच्या पेटीत असे. कुठे श्वास घ्यायचा, कुठे चोरायचा, कुठे संपत आलेला श्वास पुढच्या स्वरावर टाकून द्यायचा, हे सारे त्यावर होते. त्या वर्षी संगीतिकेचे एकवीस प्रयोग ठरले. मास्तरांना बासष्टावे लागले होते, आणि पुढच्या वेळी ती उभी राहील तेव्हा आपण निवृत्त झालेलो असू, हे त्यांना ठाऊक होते.

तालमी सुरू झाल्या त्याच आठवड्यात वरचा डावा दात हलू लागला.

प्रथम त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. हिरडी सुजली, तोंडाला वास येऊ लागला, आणि एके सकाळी उशीवर पिवळसर डाग दिसला, तेव्हा मास्तरीणबाईंनी त्यांना हाताला धरून दंतवैद्याकडे नेले. दंतवैद्य वयाने बेताची, पण बोलायला सडेतोड बाई होती. तिने आरसा तोंडात घातला आणि एकेक दात मागून-पुढून पाहिला.

“दात कशाने घासता?”

“बोटाने. मऊ भुकटी लावून. मागचे ब्रशने घासतो.”

“आणि पुढचे?”

“पुढच्यांना ब्रश लावत नाही. आमच्या घरात कोणीच लावत नाही. घासून झिजतात.”

“किती वर्षं?”

“जन्मापासून.”

तिने आरसा खाली ठेवला. “काका, इतकं जपलंत, की साफसुद्धा केले नाहीत. दाताला धक्का लागलेला नाही, दात दगडासारखा आहे. पण त्याच्या मुळाशी सगळं सडलंय. हा काढावा लागेल, आजच. शेजारचा कदाचित वाचेल.”

मास्तरीणबाईंनी पतीकडे पाहिले. पन्नासाहून अधिक वर्षे ज्या व्रताने त्या दोन दातांना फळाच्या सालीचाही स्पर्श होऊ दिला नाही, त्याच व्रताने ते आतून पोखरले होते. मनुष्य ज्याला पवित्र मानतो त्याला हात लावीत नाही, आणि हात न लागलेली वस्तू कधी कुजू लागते हे त्याला कळत नाही. मास्तरांना त्या खुर्चीत हे कळले की नाही, कोण जाणे. त्यांनी फक्त विचारले, “काढला तर वाजवता कधी येईल?”

“जखम भरायला दोन-तीन महिने. मग खोटा दात. त्याच्यावर तुमचं ते वाद्य टेकेल का, मला सांगता येणार नाही.”

“पाच आठवडे थांबलं तर?”

“मी थांबणार नाही. हा पू रक्तात गेला ना, तर प्रश्न दाताचा राहत नाही. ताप येतोय का?”

“नाही,” मास्तर म्हणाले आणि दात न काढताच खुर्चीतून उठले. ताप येत होता.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. वाद्यवृंदात दुसऱ्या खुर्चीवर एक क्लॅरिनेटवादक बाई होती. तिने बारा वर्षे मास्तरांच्या शेजारी बसून ते एकल वादन ऐकले होते, आणि तिला ते येत होते. वाद्यवृंदाच्या संचालकांनी मास्तरांच्या ओठांची सुजलेली कड पाहून आपण होऊन विषय काढला.

“मास्तर, यंदा सुरुवात तिला करू द्या. तुम्ही बाकीचं वाजवा. कोणी काही म्हणणार नाही.”

“कोणी काही म्हणणार नाही, याचंच तर वाईट वाटेल,” मास्तर म्हणाले. “एवढे प्रयोग होऊ द्या. मग खुर्चीच तिची.”

तालवाद्ये वाजवणारे त्यांचे जुने स्नेही मागच्या रांगेत बसत. सगळा वाद्यवृंद त्यांना ‘धडाम’ म्हणे. त्यांनी विश्रांतीत मास्तरांना कोपऱ्यात गाठले.

“तोंड उघड.”

“कशाला?”

“उघड म्हणतो ना. अरे बापरे! हे काय तोंड आहे की गटार? माझे चार दात पडले, मी कोणाला पत्ता लागू दिला का? कातडं बडवायला दात लागत नाहीत. तुला तेव्हाच सांगितलं होतं, ढोल घे.”

“तुझ्या ढोलाला सूर कुठे आहे?”

“नसू दे. माझा ढोल मला मारणार तरी नाही.”

विनोद करून धडाम थांबले आणि मग हळू म्हणाले, “तुझं अंग तापलंय. बायकोला सांगितलंयस ना?” मास्तर चोच पुसत राहिले.

त्या दिवशी घरी न जाता ते कन्येच्या दुकानात गेले. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हते. काचेच्या कपाटांमागे ती गोळ्यांची पाकिटे लावीत होती.

“एक काम होतं. तापाच्या गोळ्या दे, आणि ते जंतू मारायचं असतं ते.”

“चिठ्ठी?”

“चिठ्ठी ती दातांची डॉक्टर दात काढल्यावरच देणार.”

“मग काढा ना, बाबा! आई रोज रडते.”

“एकवीस प्रयोग आहेत.”

“मला आकडे सांगू नका. मी इथे दिवसभर लोकांना सांगते, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. आणि घरच्या माणसाला देऊ?”

मास्तरांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले. आजवर त्यांनी मुलीकडे काही मागितले नव्हते. मागण्याची रीतही त्यांना अवगत नव्हती. ते म्हणाले, “तू कधी वाजवलं नाहीस, मी कधी बोललो? आजोबांनी तुझ्या पाळण्यात ती चोच ठेवली होती. तू नाही म्हणालीस, मी चोच उचलून ठेवली. हे एवढं एकदा माझ्यासाठी कर.”

हे बोलणे न्यायाचे नव्हते, आणि दोघांनाही ते समजत होते. कन्येने खालचा खण उघडला. “तीन दिवसांच्या देते. तीन दिवसांत बरं नाही वाटलं, तर मी स्वतः तुम्हाला खुर्चीत बांधीन.”

तीन दिवसांत बरे वाटले. ताप उतरला, सूज ओसरली, दात मात्र हलतच राहिला. आठवड्याने ताप पुन्हा आला आणि तिने पुन्हा गोळ्या दिल्या, मग तिसऱ्यांदा. पूर्ण मात्रा कधीच झाली नाही. अर्धवट औषधाने ताप लपतो आणि व्याधी आत आपले काम करीत राहते, हे तिला पुस्तकातून माहीत होते. परंतु दर वेळी वडील सकाळी बरे दिसत, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या बऱ्या माणसापुढे पुस्तकातले ज्ञान फिके पडते.

त्या एकवीस प्रयोगांविषयी जाणकार अजून बोलतात. मास्तरांनी इतके मृदू पूर्वी कधी वाजवले नव्हते. कारण साधे होते. दातावर भार देववत नव्हता, म्हणून ते वाद्य केवळ ओठांच्या कडेने धरीत आणि श्वास एरवीच्या निम्म्या वेगाने सोडीत. श्रोत्यांना जी परिपक्वता वाटली, ती वेदना टाळण्याची युक्ती होती. कलेत असे पुष्कळदा घडते; म्हणून ऐकणाऱ्याने कारण शोधू नये, असे म्हणतात, आणि तेच बरे. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला मात्र दिसे, की दोन मिनिटे संपली की मास्तर रुमाल तोंडाशी नेतात आणि रुमालाची घडी आतल्या बाजूला वळवून खिशात ठेवतात.

अखेरच्या प्रयोगानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी ते आपण होऊन दंतवैद्याकडे गेले. दात ओढावा लागला नाही. चिमटा लावताच तो हाती आला. तिने तो बशीत ठेवला. पांढरा, अभंग, कुठेही न झिजलेला दात होता तो. “संग्रहालयात ठेवण्यासारखा आहे,” ती म्हणाली, आणि लगेच तिला आपल्याच बोलण्याचा पश्चात्ताप झाल्यासारखे दिसले.

सर्वांना वाटले, संपले. पण ताप गेला नाही. चौथ्या दिवशी जिना चढताना मास्तर मध्येच बसले आणि त्यांना उठवेना. इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. दातातले जंतू रक्तातून हृदयाकडे गेले होते आणि तिथल्या एका झडपेवर त्यांनी ठाण मांडले होते. झडप फाटली होती. सहा आठवडे शिरेतून औषध द्यावे लागेल आणि मधल्या काळात छाती उघडून झडप बदलावी लागेल, असे हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितले. मग त्यांनी खाटेपाशी उभ्या असलेल्या मायलेकींकडे पाहून विचारले, “गेल्या महिन्याभरात यांनी काही गोळ्या घेतल्या होत्या? रक्तात जंतू लवकर सापडले नाहीत, म्हणून विचारतो.”

“मी घेतल्या,” मास्तर डोळे मिटूनच म्हणाले. “घरात जुन्या पडल्या होत्या.”

“कोणत्या?”

मास्तरांना नाव सांगता येईना. कन्येने सांगितले. नाव, प्रमाण, दिवस, तिन्ही वेळचे. “मी आणून दिल्या,” ती म्हणाली. “माझ्या दुकानातून.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतले, रागावले नाहीत. मास्तरीणबाई रागावल्या, पण बाहेर आल्यावर, आणि तेही आवाज न चढवता. इस्पितळाच्या लांबलचक मार्गिकेत भिंतीला टेकून त्या मुलीला म्हणाल्या, “तुझे बाबा वेडे आहेत, मला ठाऊक होतं. सासरे वेडे होते, तेही ठाऊक होतं. या घरात एक तूच शहाणी निघालीस, असं मी सगळ्यांना सांगत होते गं.”

त्यानंतर आठ दिवस मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. डबा मात्र रोज दोघींच्या हातचा येई; आई शिजवी आणि मुलगी पोहोचवी.

मास्तर वाचले. तीन महिन्यांनी घरी आले ते निम्मे होऊन. छातीवर गळ्यापासून खाली आलेली लांब शिवण होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की चालावे, वाचावे, बोलावे. फुंकायचे वाद्य पुन्हा नाही. खोटा दात बसला, उत्तम बसला. त्यावर चोच टेकली असती. फक्त टेकलेल्या चोचीत भरायला श्वास उरला नव्हता. संचालक भेटायला आले, तेव्हा मास्तरांनी पेटीतून श्वासाच्या खुणांचा कागद काढून त्यांच्या हाती दिला.

“तिला द्या. आणि सांगा, चौथ्या ओळीतली खूण बाबांची आहे, ती चुकीची आहे. मी तिथे कधीच श्वास घेतला नाही.”

“मग पुसली का नाहीत?”

“त्यांनी केली होती.”

संचालकांनी कागद जपून आपल्या पिशवीत ठेवला. पुढे त्या बाईने ते वादन केले तेव्हा मास्तर ऐकायला गेले नाहीत. धडाम येऊन सांगून गेले, की बरे झाले, पण तुझी मजा नाही. मास्तर म्हणाले, “खोटं बोलायला तुला दात लागत नाहीत वाटतं?” आणि दोघेही हसले; मास्तर ओठ मिटून, आणि दम लागेपर्यंत नव्हे, कारण दम फार लवकर लागे.

इस्पितळाने एक व्यायाम दिला होता. बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी भरायचे, त्यात रबराची नळी सोडायची आणि नळीतून हळूहळू फुंकत बुडबुडे काढत राहायचे. श्वास किती टिकतो ते घड्याळावर मोजायचे आणि वहीत मांडायचे. रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी कन्या वडिलांसमोर बसे. पहिल्या आठवड्यात चार सेकंद, मग पाच. एके काळी याच माणसाने एका श्वासात अख्खी ओळ पार केली होती, आणि आता खालच्या मजल्यावरची मुले त्या आवाजाला ‘काकांचा हुक्का’ म्हणत. मास्तर तक्रार करीत नसत. नळी मात्र ते नेहमी तोंडाच्या कडेला धरीत, मधोमध नाही.

एके सकाळी मास्तरीणबाई बाजारात गेल्या होत्या. कन्या घड्याळ हातात घेऊन बसली. मास्तरांनी श्वास भरला आणि नळी ओठांत धरली. बुडबुडे सुरू झाले, आणि तेव्हाच ती बोलली. वडिलांना उत्तर देता येणार नाही असा तेवढाच वेळ तिला रोज मिळत होता, आणि इतक्या दिवसांत तिने तो वापरला नव्हता.

“बाबा, मी त्या दिवशी खण उघडला नसता, तर तुम्ही दात काढला असता ना?”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. नळी काढली नाही. बुडबुडे येत राहिले, एकसारखे, न तुटता. त्यांच्या मानेच्या शिरा ताठल्या, कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी उभे राहिले. तिला वाटले आता थांबतील, पण ते थांबेनात. पाण्याचा आवाज बारीक होत होत अगदी धागा झाला, आणि मग संपला. त्यांनी नळी खाली ठेवली. बराच वेळ त्यांची छाती वरखाली होत राहिली.

“किती झाले?” त्यांनी विचारले.

तिने हातातल्या घड्याळाकडे पाहिले. “मी लावलंच नव्हतं.”

“मग वहीत काय लिहिणार?”

“काय लिहू?”

मास्तरांनी दम घेतला. “कालचंच लिही,” ते म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले. तिने कालचाच आकडा लिहिला, वही मिटली, बाटलीतले पाणी मोरीत ओतले आणि ती कामावर गेली.